हिरव्या पट्टीचे अकरा

१

थांबा, मधे बोलू नका, नाहीतर माझा धागा तुटेल. अकरा हंस. लोक चाळीस म्हणतात, परवा एकाने मला साठ सांगितले. पण अकराच होते, आणि मी त्यांना एकेक करून ओळखत होते.

मंगळवारी सकाळी ब्लॅकबेरी तोडायला गेलेल्या एका बाईला ते गावच्या खडीच्या खाणीत सापडले. एकावर एक टाकलेले, माना वाकड्या आणि प्रत्येकाच्या पायात आमची हिरवी पट्टी. बाई टोपली तिथेच टाकून थेट डोनटच्या दुकानात गेली. तासाभरात सगळ्या गावाला माहीत झालं, की पिक्चरवाल्यांनी काम झाल्यावर हंसांच्या माना पिरगाळल्या.

पिक्चर लहान मुलांचा होता. आई नसलेली एक मुलगी, तिच्यामागे चालणारी हंसाची पिल्लं, बस एवढंच. पण हंसाचं पिल्लू दोन आठवड्यांत ओळखू येत नाही इतकं वाढतं, आणि आमचं शूटिंग अडीच महिन्यांचं. म्हणून तांते रीका दर काही दिवसांनी नवी अंडी उबवायची आणि प्रत्येक तुकडीच्या पायात वेगळ्या रंगाची पट्टी घालायची. लाल, निळे, पिवळे. हिरवे सगळ्यात पहिले, म्हणून सगळ्यात मोठे. नुकते उडायला लागले होते, तळ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे.

तांते म्हणजे डच लोकांत मावशी. सेटवर हॅस्केट साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला तांतेच म्हणायचे. चौसष्ट वर्षांची, हडकुळी, पायात कायम गमबूट. अंडं फुटताना समोर जी दिसेल तीच त्या पिल्लाची आई, म्हणून ती रात्ररात्र अंडी उबवायच्या पेटीपाशी बसायची. कुरणात उभी राहून 'कोम, कोम, कोम', म्हणजे ये, ये, ये, अशी हाक मारली, की तळ्याकडून धावत यायचे सगळे. ती हाक मारायची दुसऱ्या कोणाला परवानगी नव्हती. गंमत म्हणूनसुद्धा नाही.

आता हेही आधीच सांगून टाकते. टोरोंटोच्या पेपरला फोन मी केला होता. नाव न सांगता.

कारण शुक्रवारी निर्माता हॅस्केट तांतेला म्हणाला होता, "हिरव्यांचं काम संपलं. सोमवारी मला इथे एकही दिसता कामा नये." मी चार हातांवर माइक धरून उभी होते. आणि मंगळवारी ते खाणीत. तुम्ही काय समजला असतात? मी तेवीस वर्षांची, ध्वनीवाल्या लेनची मदतनीस, माझा पहिला पिक्चर. मला वाटलं, आपण गप्प बसलो तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला.

बुधवारी पेपरात फोटोसकट आलं. त्यात हॅस्केटचं वाक्य होतं, पण त्याचं नाव नव्हतंच. फोटो तांतेचा होता. आणि दुपारी काउंटीचा, म्हणजे जिल्हा कचेरीचा, कागद आला. शुक्रवारी दुपारपर्यंत खुलासा झाला नाही, तर उरलेले एकतीस हंस ताब्यात घेणार आणि तांतेचा परवाना रद्द.

एकतीस पोरं, ज्यांनी तिच्याशिवाय दुसरं तोंडच पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्यावर ते मी आणलं होतं.

२

प्राणी मंडळाने डॉक्टर टिबेटना पाठवलं. जनावरांचे निवृत्त डॉक्टर. उंच, वाकलेले, दोन्ही कानांत यंत्रं आणि तरी निम्मं ऐकू येत नाही. ते सेटवर आले तेव्हा हॅस्केट त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत होता आणि ते त्याच्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, ध्वनीचं काम कोण करतं? मी हात वर केला.

"पोरी, मग दोन दिवस तू माझे कान हो. कोण काय बोललं ते मला नंतर सांग, आणि कोण कसं बोललं तेही सांग. कसं बोललं तेच मला दिसत नाही."

नाही म्हणायचं होतं मला. फोन मी केलाय आणि मीच तपासाला? पण हेही वाटलं, की आपण जवळ असलो तर हॅस्केट सुटणार नाही.

हॅस्केट तर दहा मिनिटांतच सुटला. सोमवारी दिसता कामा नये म्हणजे मागच्या कुंपणात न्या, असं म्हणत होतो, नाहीतर लहान पिल्लांच्या शॉटमधे मोठे घुसतात, असं त्याचं म्हणणं. मागचं कुंपण शुक्रवारीच तयार झालं होतं, सुताराने ते सांगितलं. आणि शनिवारी दुपारी तो शहरात मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धेला, शंभर लोकांच्या समोर. आवाज कसा होता, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, चिडलेला. खोटा? नाही, खोटा नव्हता. ते म्हणताना मला फार जड गेलं.

शनिवारचं का, तर शनिवारी आमचं काम अर्ध्या दिवसाचं. एक वाजता हिरवे अकरा कुरणात होते, लेननेही पाहिले, मीही पाहिले. संध्याकाळी तांतेने मोजले तेव्हा नव्हते. ती रविवारभर एकटी तळ्याभोवती हाका मारत फिरली आणि कोणाला काही बोलली नाही.

मग तांते. स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली, समोर मध घातलेला चहा, मानेला रुमाल, ऑगस्टच्या उकाड्यात. पाय ठेवायला जागा नाही, टेबलाखाली पिवळ्या पट्टीची नऊ पिल्लं. डॉक्टरांनी विचारलं, शनिवारी दुपारी कुठे होतात? ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, घरी. झोपले होते. बाहेर पडल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"कसं बोलली?"

"घाबरून," मी म्हटलं. "आणि... खोटं, डॉक्टर."

समोरच्या घरातल्या बाईंनी तर सरळच सांगून टाकलं, की शनिवारी बारापासून सहापर्यंत तांतेची पिकअप अंगणात नव्हती.

३

गुरुवारी डॉक्टरांनी मेलेले अकरा पक्षी पुन्हा तपासले. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण मी आत गेले. ते एका पंखावर बोट ठेवून म्हणाले, की हाताने मान पिरगाळली तर फक्त मान मोडते, पंख मोडत नाहीत, छातीची हाडं चुरत नाहीत. आणि पायाच्या पडद्यात हे बघ काय आहे. डांबर होतं, काळं.

ते सरळ गाडीत बसले आणि मला म्हणाले, गावचे रस्ते कोण बघतं?

क्लेम दुफ्रेन बघतो. क्लेम म्हणजे पोट पुढे, टोपी मागे, तोंडात काडी. आम्हाला बघून आधी तो हवेबद्दल बोलला, मग बेसबॉलबद्दल, मग त्याच्या बायकोच्या गुडघ्याबद्दल. डॉक्टरांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते शांतपणे बघत राहिले, आणि बहुतेक त्या बघण्यानेच क्लेम ढेपाळला.

रस्त्यावर मेलेली जनावरं काउंटीच्या खड्ड्यात न्यायची, असा नियम. तो खड्डा चाळीस किलोमीटर लांब. क्लेम गेली सहा वर्षं सगळं आपल्या खडीच्या खाणीत टाकत होता. रॅकून, हरणं, काय मिळेल ते. म्हणून गप्प बसला होता, बाकी काही नाही.

"मी पडलेलं उचलतो हो," तो म्हणाला, "मारत नाही. मोठ्या हायवेच्या तोंडाशी होते. आडवे पसरलेले, दोन्ही बाजूंना. ट्रकवाल्याने थांबून मला फोन केला, रडत होता बिचारा. म्हणाला, पावसाची सर पडून गेली होती, रस्ता चकाकत होता, आणि वरून एकदम उतरले. पाणी समजून उतरले असतील. पट्ट्या? कोण बघतंय पायात."

गाडीत परतताना मी इतकी खूश होते की विचारू नका. कोणी मारलंच नव्हतं, अपघात होता. तांते सुटली, एकतीस सुटले, मीही सुटले. मग डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली.

"तळ्यापलीकडे कधी गेले होते ते?"

"नाही. तांतेशिवाय कुठेच नाही."

"हायवेचं तोंड इथून बारा किलोमीटर आहे, पोरी. अकराच्या अकरा गेले. ते कोणाच्या तरी मागे गेले. आणि ते एकीच्याच मागे जातात, आणि ती सहा तास गाडी घेऊन कुठे होती ते सांगत नाही."

४

मला झोप कसली येतेय. शुक्रवारी सकाळी सातलाच मी ध्वनीच्या खोलीत गेले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिथे शूटिंग केलं त्या जागेचा नुसता आवाज टेपवर घ्यायचा. कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही. वारा, गवत, किडे, एवढंच. पुढे एडिटिंगमधे दोन वाक्यांच्या मधे तो भरतात, नाहीतर पिक्चर बहिरा वाटतो. लेन म्हणतो, शांतता पण ध्वनीमुद्रित करावी लागते. शनिवारी काम संपल्यावर त्याने सगळ्यांना घालवून दिलं होतं, यंत्र कुरणात चालू ठेवलं होतं आणि स्वतः नदीवर सिगरेट ओढायला गेला होता. त्या टेपचा डबा तसाच पडला होता, बुधवारपासून शूटिंगच बंद, ऐकणार कोण.

मी ती यंत्रावर चढवली आणि कानाला हेडफोन लावले.

आधी लेनचा आवाज. शनिवार, दोन वाजून दहा मिनिटं, कुरण. मग त्याची पावलं लांब जाताना. मग गवत. टोळ. लांब कुठेतरी हंसांचं आपसांतलं बोलणं, ते चरताना करतात तसं, हळू. चार मिनिटं काहीच नाही.

आणि मग तांते. बारीक, लांबून, पण तीच. कोम, कोम, कोम.

हंस गप्प झाले. पुन्हा हाक. मग पंख. अकरा जणांचे पंख एकदम उघडल्याचा आवाज तुम्ही ऐकलाय कधी? ओली चादर जोरात झटकावी तसा, आणि तो लगेच थांबत नाही. ते ओरडत उठले, आनंदाने ओरडतात ना तसे, आणि लांब लांब गेले. हाकही लांब गेली. आणि मग नुसते टोळ राहिले, टेप संपेपर्यंत.

मी टेप काखेत मारली आणि डॉक्टर उतरले होते त्या मोटेलवर धावत गेले. तीन किलोमीटर. मला तांते आवडायची, हे लक्षात घ्या. तरी गेले. धापा टाकत म्हटलं, डॉक्टर, तीच होती. तीच बोलावून घेऊन गेली.

५

त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, मला यातलं काही ऐकू येणार नाही, तेव्हा तूच पुन्हा ऐक आणि ऐकशील ते सांग. ठरवलंयस ते सांगू नकोस.

मी सांगत गेले. गवत. टोळ. हंस. हाक. हाकेखाली काय आहे? हाकेखाली इंजिन आहे. मी म्हटलं, म्हणजे तांतेची पिकअप. ते म्हणाले, तुला विचारलं नाही. हाक एकाच जागेवरून येते का? नाही, डावीकडून उजवीकडे जाते. बरं. हाकेनंतर काय आहे?

"कुत्रा," मी म्हटलं. "तिसऱ्या कोमनंतर कुत्रा भुंकतो. दोनदा. मग दार आपटतं."

"पुढची हाक?"

"कोम, कोम, कोम." मी थांबले. "कुत्रा. दोनदा. आणि दार."

"त्याच्या पुढची?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. हेडफोन माझ्या कानावर होता आणि तिसऱ्यांदा तोच कुत्रा तितकाच भुंकला आणि तेच दार तसंच आपटलं. माणूस हाक मारतो तेव्हा कुत्रा दर वेळी त्याच जागी भुंकत नाही. ती हाक नव्हती. ती हाकेची टेप होती.

"कोणाकडे आहे अशी टेप?" डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं. एरवी ते मोठ्याने बोलायचे.

माझ्याकडे. फक्त माझ्याकडे.

दोन आठवड्यांपूर्वी तांतेने मला मागच्या अंगणात बोलावलं होतं. कोणाला सांगू नकोस म्हणाली, माझी हाक एका कॅसेटवर घेऊन दे. कोणालाही तोंडाने ती हाक मारू न देणारी बाई. मला वाटलं, हौस असेल. मी घेतली. तेव्हा शेजारचा कुत्रा भुंकला, पडवीचं दार आपटलं. शनिवारी शहरात जाताना माझ्या मनात आलं, की यातून कुत्रा काढता येतो का बघू, तिला स्वच्छ करून देऊ. मी कोठारामागे सँडविच खात बसले होते, लेनला वाटलं असेल सगळे गेले. मी आमची ध्वनीच्या सामानाची व्हॅन काढली, कॅसेट लावली, उकडत होतं म्हणून दोन्ही काचा खाली, आवाज पूर्ण मोठा, आणि पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत निघाले. मागे सामान भरलेलं, आरशात काही दिसत नव्हतं. जुनी व्हॅन, पन्नासच्या वर पळायची नाही.

हायवेच्या तोंडाशी मी कॅसेट काढली. बातम्या लावल्या. हाक बंद झाली, तिथे ते खाली उतरले.

बारा किलोमीटर ते माझ्या डोक्यावर उडत होते आणि मी कुत्रा कसा काढायचा याचा विचार करत होते.

डॉक्टरांनी वही उघडली. म्हणाले, एका गाडीच्या मागे उडून गेले, एवढं लिहिलं तरी काउंटीला पुरेल. तुझं नाव लिहायचं की नाही ते तू सांग, मार्नी. पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. मी म्हटलं, लिहा. आणि पेपरला फोन केला तेही लिहा. ते म्हणाले, ते मला बुधवारीच कळलं होतं. हॅस्केटचं वाक्य तू मला जसंच्या तसं सांगितलंस, पेपरात होतं तसं, एक शब्द इकडे तिकडे नाही.

६

एकतीस वाचले. दुपारी बाराला कागद मागे घेतला.

पण लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. मी त्याच पेपरला पुन्हा फोन केला, या वेळी नाव सांगून. त्यांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या, टायरच्या जाहिरातीखाली. डोनटच्या दुकानात मी स्वतः उभी राहून सांगितलं, तर एक जण म्हणाला, किती दिले गं तुला पिक्चरवाल्यांनी? आणि पिक्चर लागला त्या दिवशी गावच्या थेटरात मी आणि तांते शेजारी बसलो होतो. मागच्या रांगेतली बाई तिच्या बहिणीला सांगत होती, की साठ हंस मारले, त्या म्हातारीने सगळं पाहिलंय, पण तिचं तोंड बंद केलंय. बघ ना, तेव्हापासून एक शब्द बोलत नाही.

तांतेला ऐकू येत होतं सगळं. तिच्या मानेला रुमाल होता आणि रुमालाखाली भोक. सप्टेंबरात घसा काढला तिचा, कॅन्सरमुळे. मी मागे वळले आणि म्हटलं, बाई, अकरा होते आणि ते माझ्यामुळे गेले. ती मागची बाई म्हणाली, शू, पोरं पिक्चर बघतायत.

हां, मी तुम्हाला त्या शुक्रवारचं सांगितलंच नाही. मोटेलवरून आम्ही तिच्याकडे गेलो ते.

आम्ही आत गेलो, ती तशीच टेबलाशी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही शनिवारी कुठे होता ते आता नाही सांगितलं तरी चालेल. तर तिने स्वतःहून सांगितलं. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमधे. सरकारी रांग, शनिवारची तारीख मिळाली म्हणून गेली. आवाज जाणार हे हॅस्केटला कळलं असतं, तर त्याने दुसरा माणूस आणला असता, आणि हे पक्षी दुसऱ्या माणसाला आई कसे म्हणणार. म्हणून खोटं बोलली. आणि म्हणूनच ती कॅसेट करून घेतली, आवाज गेल्यावर यांना ऐकवायला.

मग मी सांगितलं. सगळं, व्हॅन, काचा, कुत्रा, बातम्या. मी कॅसेट खिशातून काढून तिच्यासमोर ठेवली, म्हटलं, तुमच्या हाताने तोडा. मला वाटलं आता ही ओरडेल, आणि मला ते हवं होतं. पण ओरडायला तिच्याकडे आवाजच कुठे उरला होता. तिने कॅसेट उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. अजून एकतीस आहेत, म्हणाली, लागेल.

मी रडत होते. ती उठली, पिल्लं टेबलाखालून निघून तिच्या बुटांमागे रांगेत लागली. खिडकीपाशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली. मग त्या फाटक्या आवाजात विचारलं,

"किती लांब उडाले म्हणालीस?"

"बारा किलोमीटर."

"मधे कोणी मागे नाही राहिला?"

"नाही, तांते. सगळे अकरा."

"बारा किलोमीटर," ती म्हणाली. "मी त्यांना तळ्यापलीकडे कधी नेलंच नव्हतं गं."